पिदादची साबणवाटी

ओहोटीला आगशीच्या काठावर
तिसऱ्या काढताना पिदादला ती मिळाली,
धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी, असं ती म्हणते.
तेव्हापासून विहिरीच्या कठड्यावर
तिच्यात साबण. हिरवा, अर्धा झिजलेला.

मी पुतू, डिचोलीचा कुंभार.
खात्यात रोजंदारीवर खापऱ्या धुतो,
दातांच्या ब्रशानं, दिवसाला चाळीसेक.
पाणी प्यायला वाकलो
तेव्हा फेसाखालून निळं दिसलं.

समुद्राचं निळं नव्हे.
आमची झुआरी चहाच्या रंगाची,
खाणी लागल्यावर तर तांबड्या चहाच्या.
हे निळं कोरडं होतं:
जिथं पाण्यासाठी कोसभर भुयारं खणतात
तिथल्या माणसाला आठवेल तसलं.

नखानं वाजवून पाहिलं.
डिचोलीची माती भाजली तरी आवाजात थोडी ओली राहते.
ही टणक, लांबून उत्तर देणारी.
तेलंग मॅडम म्हणाल्या, पुतू, ही माती नाहीच, दगड आहे.
काशानकडचे लोक नदीतले पांढरे गोटे तापवून विझवायचे,
दळायचे, रेशमातून चाळायचे. ते दहा भाग.
एक भाग वाटलेली काच. एक भाग गोरी माती.

बारातला एक!
माझा बाप म्हणाला असता, ही तर पिठाशिवाय भाकरी.
आणि उठून न जाता, विडी विझवून,
पुढं काय ते ऐकत बसला असता.

पुढं वाळवंटातली खारी झुडपं जाळायची.
त्या राखेची झिलई, झिलईत तांबं.
राख असेल तर तांबं निळं होतं,
शिसं असेल तर हिरवं.
आणि सोन्यासारखी चमक हवी तर दुसऱ्यांदा भाजायचं:
चांदी-तांबं जाळून, सिरक्यात खलून
झिलईवर नक्षी काढायची,
मग तीन दिवस तीन रात्री मंद आग,
भट्टीचं नाकतोंड दाबून. नुसता धूर.
बाहेर येतं ते काळं.
ओल्या मातीनं घासलं की खालून ऊन.

"म्हणजे आमच्या कढयाच," पिदाद म्हणाली.
कढईखालून ऊन येत नाही, पिदाद.
पण घासणं तेच, हे खरं.

तळाशी तीन व्रण होते.
वाटीत वाटी रचताना मध्ये तिकटी ठेवतात,
भाजून झाल्यावर उचकटतात, त्याचे.
आम्हाला तिकटी लागत नाही,
झिलईच नाही तर चिकटणार काय?
मला कळला तो बाहेरचा थेंब.
बुडापर्यंत ओघळत आलेला, काठाशी थांबलेला, फुगीर.
त्या दिवशी कोणीतरी एक लाकूड जास्त घातलं होतं
आणि कोणाला तरी शिव्या बसल्या होत्या.
मग घोड्यांच्या गलबतात, गवतात गुंडाळून,
ही चुकलेली वाटी इकडे विकली असेल. असेल म्हणतो.
थेंब एवढंच सांगतो की तो ओघळला.

दिवाळीनंतर मी करून पाहिलं.
मिठागराच्या बांधावरची खारी झुडपं,
जळक्या पंपाच्या मोटारीतली तार,
दोन रात्री पाट्यावर वाटलेले गोटे.
निघालं ते गटाराच्या रंगाचं, तडकलेलं.
फक्त एका कडेला, नखाएवढ्या जागेत,
मॅडमना दाखवलं. त्या चष्मा काढून बघत राहिल्या.
फोटोत काही आलं नाही.

वाटी आता कापसात, आकडा लिहिलेल्या खोक्यात.
पिदादला पावती दिली.
आठ दिवसांनी ती कचेरीत आली,
"पावतीत साबण राहत नाही, पुतू."

मी तिला चाकावर एक काढून दिली,
डिचोलीची, लाल, बिनझिलईची.
ती पाणी पिऊन टाकते,
म्हणून साबण झिजत नाही, पिदाद सांगते,
आधीचीपेक्षा बरी.
मग हात पुसत विचारते,
ती तिकडे कापसात बरी आहे ना?